कानाची पाळी

फोटोंचा अल्बम आला तो दिवाळीच्या आधी.
जाड पानं, प्रत्येकाखाली मॅडमनी लिहून दिलेला एकेक शब्द.
रोज दुपारी मांडीवर घेऊन मी बोट ठेवायची :
ही आई. हे बाबा. हा दादा, मात्तेओ.
हे घर. हा बर्फ.
बर्फाशी तो दर वेळी विचारायचा, कापूस का?
मी म्हणायची, हो, कापूसच समज.
परभणीच्या लेकराला याहून जवळचं काय सांगावं.

आज ते आले.
जिंतूरपासून खोदून ठेवलेल्या रस्त्याची धूळ केसांत घेऊन
तिघं जण.
बाईनं दारातच नाव घेतलं, तीन महिने घोकलेलं असणार.
निवृत्ती म्हणायचं होतं, निघालं निवर्ती.
ऑफिसातल्या पोरी हसल्या.
मी नाही हसले.
आमच्या पेडगावात असंच म्हणतात,
आणि पूर्णा स्टेशनच्या बाकाखाली ज्याला हा सापडला
तो हवालदारही असंच म्हणायचा :
त्याच्या मेलेल्या बापाचं नाव,
पंचनाम्यात जागा रिकामी राहू नये म्हणून दिलेलं.

निवर्ती माझ्या पदराआड.
अल्बममधली माणसं हलतात
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम फाईल वाचत होत्या. वजन, उंची, लसी, हिमोग्लोबिन.
बाबा लिहून घेत होता. मग म्हणाला, आणखी काही?
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
अकरा वर्षांत मला कुणी विचारायची ही पहिलीच वेळ.

आणखी तर पुष्कळ होतं.
कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली जातो.
वरणात भाकर कुस्करून दिली तर खातो, पोळी ढकलतो.
चपला उलट्या घालतो, सुलट केल्या तर रागावतो.
रेल्वेचा भोंगा ऐकला की
घास तोंडात तसाच ठेवून थांबतो.
सांगितलं ते एवढंच :
कानाची पाळी धरल्याशिवाय झोप नाही लागत त्याला.

पाळी शब्दाशी मॅडम अडल्या.
नंबराची पाळी, कामाची पाळी, बायकांची पाळी,
काय सांगितलं कुणास ठाऊक,
बाबाच्या कपाळाला आठ्या.
शेवटी मीच उठून माझा कान धरला
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.
बाई बघत राहिली.
मग काही न बोलता दोन्ही कानांतले खडे काढून
पर्समध्ये टाकले, चेन लावली.

मात्तेओ खिडकीपाशी. दहाएक वर्षांचा, उन्हानं नाक सोललेलं.
निवर्ती पदराआडून निघाला,
बाईकडे नाही, बाबाकडे नाही,
त्याच्यापुढे जाऊन मूठ उघडली :
अर्धा जांब, मीठ लावलेला,
सकाळपासून धरून ऊन झालेला.
पोरानं आईकडे पाहिलं. पाणी, जंतू, पोट,
काय काय बजावून आणलं असेल.
खाल्ला. बियांसकट.
तुझ्या घरी कापूस आहे ना?
सी, सी, म्हणाला तो. त्यांच्यात हो ला तसं म्हणतात.
शी कशाला? निवर्ती फुगला. चांगला गोड आहे की जांब.

आज नुसती भेट.
मधे कलेक्टर कचेरीचा हुकूम, पासपोर्ट, दोन महिने, काहीही.
शालनची माणसं मागच्या साली अल्बम पाठवूनही आली नाहीत.
तो अल्बम कपाटात आहे. शालन अजून मागते.

रात्री उरुसातल्या पाळण्यांची गाणी ऐकू येत होती.
ती लोकं उद्या येतील?
येतील, म्हटलं. एक दिवसाचं तर मला माहीत होतं.
त्यानं अंधारात चाचपून माझा डावा कान धरला.
या नोकरीत लागले तेव्हा मीही खडे काढून ठेवले होते,
ट्रंकेत, रुमालात बांधून.
भोकं कधी बुजली
ते लक्षातसुद्धा आलं नाही.